न्यायला न आलेली माणसं

श्यामकाका जपानला पहिल्यांदाच आले होते, आणि आल्या दिवसापासून त्यांनी एकच विषय लावून धरला होता. आज दुपारची जेवणं झाली, ताटं उचलली गेली, आईनं चहा टाकला, तरी तो विषय काही टेबलावरून हलेना.

"मी काय म्हणतो अण्णा," काका म्हणाले, "काचा होन्नगुड्ड्याच्या आहेत. त्या होन्नगुड्ड्याला जाऊ देत."

"काचा आजोबांच्या आहेत," बाबा म्हणाले. "होन्नगुड्ड्यात आता आहे काय? चार बुजलेले खड्डे आणि बाभळी."

"माणसं आहेत."

"माणसं सगळीकडेच असतात, श्याम."

चारुता ओट्याशी उभी राहून कप विसळत होती. मेच्या सुट्टीत ती तोक्योहून कोबेला आली होती ती हे घर आवरायला. महिनाअखेर आईबाबा तिच्याकडे, तोक्योतल्या कोतोला राहायला येणार होते. तिच्याच इमारतीत, तिच्या खाली दोन मजले सोडून, एक छोटा फ्लॅट मिळाला होता. घरापर्यंतचा चढ आता बाबांना झेपत नव्हता. थंडीत वळणावर एकदा पडलेच होते. काय न्यायचं, काय शेजारच्या मोरिताबाईंना द्यायचं, कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा, सगळं तिनं ठरवलं होतं. आतल्या खोलीतल्या ओशिइरेचं तेवढं राहिलं होतं. भिंतीतलं ते खोल कपाट, वर गोधड्या, खाली गोधड्या आणि मध्ये काचांच्या त्या लाकडी पेट्या.

"दादा, तू तरी बोल की," ती प्रथमेशला म्हणाली.

प्रथमेश, तिचा मोठा भाऊ, त्सुकुबाहून मुद्दाम मोठी गाडी घेऊन आला होता. तो मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "माझ्याकडून सगळं ठरलंय. आमच्या इथल्या एका संस्थेत जुन्या काचा ठेवायची खास खोली आहे. गार, कोरडी. तिथले ओकादा-सान म्हणाले, आनंदानं ठेवतो. दारावर पाटी लावतील. गुणवंतराव मुधोळकर संग्रह."

बाबांचा चेहरा खुलला. ही पाटी त्यांनी मनातल्या मनात कधीच वाचून ठेवली होती.

गुणवंतराव म्हणजे बाबांचे आजोबा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला धारवाडपलीकडच्या डोंगरात सोनं सापडलं, अशी हूल उठली. इंग्रज कंपन्या आल्या. जिथं ज्वारी डुलायची तिथं तंबू पडले, पत्र्याच्या चाळी उठल्या, बाजार भरला, दारूची दुकानं आली, एक चर्चसुद्धा झालं. गुणवंतराव धारवाडहून बैलगाडीत कॅमेरा घालून तिथं गेले आणि त्यांनी कनातीत स्टुडिओ थाटला. मागे महालाच्या पायऱ्या रंगवलेला पडदा. आठवडाभर ते कंपनीसाठी खाणीचे, यंत्रांचे फोटो काढायचे आणि रविवारी खाणीतल्या माणसांचे. ती माणसं कुठून कुठून आलेली असत. अंघोळ करून, दुसऱ्याचा कोट अंगात घालून, पायऱ्यांच्या पडद्यापुढे ताठ बसायची. फोटो आधी काचेवर उतरायचा, मग कागदावर; तो घरी पाठवायचा असे. पुढच्या रविवारी या, तयार ठेवतो, असं गुणवंतराव सांगायचे.

पुष्कळजण परत आलेच नाहीत. कोणी खाणीत गेला, कोणी पटकीनं, कोणी दुसरीकडे सोनं लागल्याचं ऐकून तडक निघून गेला. मग सोनंच संपलं आणि गावही. गुणवंतराव धारवाडला परतले ते खाणीच्या काही काचा आणि फोटो न नेलेल्या माणसांच्या काचा बरोबर घेऊन. त्यांची नावं लिहिलेली वही वाळवीनं खाल्ली. काचेला वाळवी लागत नाही.

खाणीचे मनोरे, साहेबांचं टेनिस, रविवारचा बाजार, त्या काचांवरून त्या कोबेला आल्यावर बाबांनी हौसेनं फोटो करून घेतले होते. कितीतरी वर्षं ते फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर आणि त्यांच्या काचा तिथल्याच फळीवर होत्या. पंच्याण्णवच्या भूकंपात भिंतीवरचं सगळं खाली आलं, त्या काचांसकट फुटलं; बाजाराचा एक फोटो तेवढा उरला. ओशिइरेतली माणसं गोधड्यांत होती, म्हणून वाचली. बाबा तेव्हापासून त्यांच्याबद्दलही अभिमानानं बोलू लागले. पण त्यांचे फोटो काही त्यांनी केले नाहीत. कोण कुठले ते, असं ते म्हणायचे.

"प्रथमेश, तुझी खोली गार असेल बाबा," काका म्हणाले. "पण मी सांगतो ते ऐक. गेल्या श्रावणात मी होन्नगुड्ड्याला गेलो होतो. देवळाच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर अण्णानं पाठवलेला तो बाजाराचा फोटो दाखवत होतो. पोरं बघत होती. एक म्हातारी आली, हनुमव्वा नाव तिचं. बघितलं आणि म्हणाली, मास्तर, यात दुकानंच आहेत. माणसांचे नाहीत का? मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, माझ्या आजेसासऱ्यानं इथं फोटो काढून घेतला होता म्हणतात. पुढच्या रविवारी आणतो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात खाणीत राहिला. आमच्या घरात अजून म्हणतात, फोटो यायचाय."

आई गाळणं हातात धरून उभी होती. चहा कपात पडायचा थांबला होता.

"अशा गोष्टी गावोगाव असतात," बाबा म्हणाले.

"असतात. पण काचा एकाच घरात आहेत."

चारुताला हे फार लांबतंय असं वाटलं. "काका, राग मानू नका. मला फक्त एवढंच सांगा, या पेट्या सोमवारपर्यंत कुठं जाणार? माझ्याकडे तिथं बूट ठेवायला जागा नाही. कोणीच नेल्या नाहीत तर इथल्या हिशेबानं काच म्हणजे न जळणारा कचरा, आणि त्याचा वार—"

"चारुता!" आई म्हणाली.

आई कधी आवाज चढवत नसे. चारुता पुन्हा कप विसळू लागली.

*

श्यामराव गॅलरीत येऊन उभे राहिले. खाली उतारावर घरांची छपरं आणि त्यापलीकडे बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. गावाकडे एवढं पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं. जन्म धारवाडच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेला होता.

थोड्या वेळानं अण्णा, म्हणजे हरीशराव, काठी टेकत मागून आले.

"तुला कशाला हव्यात रे त्या?" त्यांनी विचारलं. "तू तर सोडा लावून घासायला बसला होतास."

श्यामरावांना हे येणार हे माहीत होतं. वडील गेले त्या उन्हाळ्यात आईनं माडीवरची काच खाली आणायला सांगितली होती. गोठ्याच्या खिडक्यांना तावदानं हवी होती. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. काच पाण्यात टाकली की चेहरे सायीसारखे सुटून वर यायचे. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून अण्णा कोबेहून आला, त्यानं हौदाशी ते बघितलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात हात घालून काचा पाण्यातून ओढून काढल्या होत्या.

"आईनं सांगितलं घास, मी घासलं," श्यामराव म्हणाले. "माझं मिसरूड फुटत होतं तेव्हा. तू आलास, ओरडलास, आणि घेऊन गेलास. पण अण्णा, गोठ्याला जी तावदानं लागली, त्यातून ऊन यायचं ते मी पुढं कितीतरी वर्षं बघत होतो. म्हशीच्या पाठीवर पडायचं. मला वाटायचं, या उन्हात कोणीतरी होतं."

हरीशरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हे तू मला कधी बोलला नाहीस."

"तू फोन करायचास तेव्हा कोबेचं हवामान सांगायचास."

हरीशरावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "पाटी होन्नगुड्ड्याला कोण लावणार, श्याम? आजोबांचं नाव इथं राहील. जपानी लोक एकदा पाटी लावली की काढत नाहीत."

"तुला आजोबांचं नाव राहायला हवंय, मला ती माणसं," श्यामराव म्हणाले.

मागे प्रथमेश येऊन उभा होता. आल्यापासून तो बाबांच्या बाजूचा होता. आता त्यानं घसा खाकरला. "बाबा, खरं सांगायचं तर ओकादा-सानना पण खाणीचेच फोटो हवे होते. त्या काचा फुटल्या म्हटल्यावर जरा विरस झाला त्यांचा. माणसांचेही ठेवू म्हणाले. म्हणजे, ठेवतील."

"हे आत्ता सांगतोस?"

"तुम्ही एवढे खूश होतात."

*

आतल्या खोलीत लताबाई तातामीच्या चटईवर बसून पेट्या पुसत होत्या. चारुता त्यांच्याजवळ येऊन टेकली.

"आई, चिडलीस का गं?"

"नाही. पण कचरा म्हणू नये."

लताबाईंनी एक काच अलगद वर काढली, कडेला धरून, खिडकीच्या उजेडात. काचेवर सगळं उलटं असतं. कोट पांढरा, चेहरा काळा, केस आणि मिशा पिंजलेल्या कापसासारख्या.

"हे तात्या," त्या म्हणाल्या.

"कोण तात्या?"

"मीच म्हणते त्यांना तात्या. तोंडावर रागीट आहेत, मनानं नाहीत." त्यांनी दुसरी काच काढली. "या काकू. यांच्या कडेवरचं पोर हललंय, बघ. आणि हे आमचे मामंजी. माझे सासरे मी बघितलेच नाहीत ना. म्हणून यांनाच म्हणायचे."

चारुता आईकडे बघत राहिली. "तू बोलायचीस त्यांच्याशी?"

"तुझे बाबा सकाळी मोत्यांच्या पेढीवर जायचे ते दिवेलागणीला यायचे. मला इथली भाषा येत नव्हती. दुकानात बोट दाखवून भाजी आणायची. खालच्या रस्त्यावर गुजराती बायका होत्या, चांगल्या होत्या. पण मराठी बोलायला कोणी नाही. तू नव्हतीस, प्रथमेश नव्हता. एक दिवस काचा पुसायला काढल्या आणि म्हटलं, काय तात्या, जेवलात का?" त्या हसल्या. "घरात वडीलधारी माणसं असली म्हणजे कसं बरं वाटतं. तुमच्या वेळी दिवस गेले ते मी आधी काकूंना सांगितलं."

चारुतानं फोन काढला. "मी फोटो काढून घेते यांचे. कुठंही गेले तरी तुझ्याकडे राहतील. थांब, हे उलटं आहे ना, ते फोनमध्ये सुलट करता येतं."

तिनं एकेक काच खिडकीला धरायला लावली, फोटो काढले, पडद्यावर बोट फिरवलं आणि फोन आईपुढे केला.

लताबाईंनी चष्मा सारखा केला. बघितलं. फोन लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हे कोण?"

"तुझे तात्या."

तात्यांचे केस काळे कुळकुळीत होते, तेल लावून चापून बसवलेले. मिशीची नुसती रेघ. कोट खांद्याला मोठा होत होता. ओठ रागानं मिटलेले नव्हते. हसू येऊ नये म्हणून दाबून धरले होते.

"पुढचं दाखव."

काकू सतराअठराच्या होत्या. मामंजी तर त्यांच्याहीपेक्षा लहान दिसत होते, गळ्यात ताईत, कानात बाळी.

काचेवर उलटं दिसतं हे लताबाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांनी या माणसांना इतकी वर्षं याच रूपात पाहिलं होतं. पांढऱ्या केसांची म्हणून त्यांच्यापुढं डोक्यावर पदर घेतला होता, संक्रांतीला त्यांच्यापुढं तिळगूळ ठेवून नमस्कार केला होता.

"चारू," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर पोरं आहेत गं."

त्यांनी काच मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिच्यावर तळवा ठेवून बसल्या. मग उठल्या.

*

"मला विचारायचंच राहिलं तुम्हा सगळ्यांचं," लताबाई दिवाणखान्यात येऊन म्हणाल्या.

हरीशराव, श्यामराव, प्रथमेश तिघंही टेबलाशी बसले होते. हरीशरावांना आधी कळलंच नाही. इतक्या वर्षांत काचांबद्दल लताचं काही मत असेल असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. काचा तिनं पुसल्या होत्या, गोधड्यांत नीट ठेवल्या होत्या. त्यांना वाटायचं, सगळं घरच ती तसं ठेवते.

"काय विचारायचं?" ते म्हणाले.

"काचा कुठं द्यायच्या ते. मी सांगू?"

"सांगा की वहिनी," श्यामराव म्हणाले.

"या माणसांनी फोटो कशासाठी काढून घेतले होते? घरी पाठवायला. मग पाठवा की घरी."

"आई, पण ती सगळी होन्नगुड्ड्याची नव्हती," प्रथमेश म्हणाला. "अर्धी तर मद्रासकडची असतील. कोकणातली असतील. घर कुठलं ते कुणाला माहीत?"

"एखादं माणूस हरवलं की त्याची माणसं त्याला शोधायला कुठं जातात? शेवटचं जिथं दिसलं तिथंच ना? तुझ्या त्या गार खोलीत हनुमव्वा येणार आहे का विचारायला?"

प्रथमेशनं बाबांकडे पाहिलं, मग चारुताकडे. चारुता दारात उभी होती. "आई बरोबर बोलतेय," ती म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच श्यामकाकांच्या बाजूनं बोलली होती, आणि काकांनी चकित होऊन तिच्याकडे बघितलं.

हरीशरावांना एकदम एकटं वाटलं. "म्हणजे तुमचं सगळ्यांचं ठरलं," ते म्हणाले. "काचा पाण्यातून मी काढल्या. मी आणल्या म्हणून आज त्यांच्यावरून भांडायला तरी आहेत. आणि आजोबांचं नाव?"

"लावा की नाव," लताबाई म्हणाल्या. "तिथं, देवळाजवळ भावजी खोली बघतील. मोठ्या अक्षरांत लावा. मुधोळकर स्टुडिओ. आणि खाली लिहा, फोटो तयार आहेत."

श्यामराव मोठ्यानं हसले. मग त्यांचं त्यांनाच हसू थांबवता येईना आणि डोळे पुसावे लागले. हरीशराव मात्र हसले नाहीत. त्यांनी चारुताच्या हातातला फोन मागून घेतला. तात्या बघितले, काकू बघितल्या. एकेक चेहरा पुढे सारत राहिले. असे ते त्यांनी कधी बघितले नव्हते; कोण कुठले म्हणून पेटीचं झाकण लावलं होतं.

"आजोबांनी काय छान उजेड घेतलाय," शेवटी ते म्हणाले. "साहेबांच्या फोटोत एवढा नव्हता घेतला."

"दादा," काही वेळानं श्यामराव भावाला म्हणाले. एरवी ते कधी अण्णाला दादा म्हणत नसत. तो लहानपणचा शब्द होता. "हनुमव्वाचा माणूस यात नसेलही."

"नसेल," हरीशराव म्हणाले. "पण तिला बघू दे. आणि काचा एकमेकींवर आडव्या रचायच्या नाहीत. उभ्या. मध्ये कापड. कोणाला येतं का नीट? आणा ती पेटी इकडे."

संध्याकाळपर्यंत ते खुर्चीत बसून एकेक काच गुंडाळत होते आणि श्यामराव शेजारी बसून जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून देत होते. त्यांचं मधूनमधून भांडणही होत होतं, कापड किती घ्यायचं यावरून. प्रथमेशनं फोनवर ओकादा-सानशी बोलून घेतलं. काचा उन्हाळाभर त्यांच्याकडे राहतील, त्यांचे नीट फोटो निघतील आणि मग हरीशरावांच्या जुन्या पेढीवाल्यांच्या ओळखीनं बोटीनं भारतात जातील. चारुतानं ओशिइरे पुसून काढलं. आईनं एक तरी काच ठेवून घ्यावी असं तिनं दोनदा सुचवलं. लताबाई म्हणाल्या, "एकाला ठेवायचं आणि बाकीच्यांना घालवायचं, हे बरं नाही दिसत."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथमेशची गाडी उतारावरून खाली गेली. पेट्या मागच्या सीटवर होत्या, पट्टा लावलेल्या. श्यामरावही त्याच्याबरोबर निघाले. वाटेत फुजी दिसतो का बघायचा होता, आणि काचांबरोबर कोणीतरी मोठं माणूस असावं असं त्यांचं म्हणणं होतं. चारुता कोपऱ्यावरच्या कोनबिनीच्या दुकानात खोकी मागायला गेली.

घरात दोघंच उरली. हरीशराव आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. लताबाई गोधड्यांच्या घड्या घालत होत्या. ओशिइरेच्या मोकळ्या फळीवर वास तेवढा राहिला होता, जुन्या लाकडाचा.

"चारू म्हणाली, तू त्यांच्याशी बोलायचीस."

"हं."

"काय बोलायचीस?"

"काय काय. स्वयंपाकाचं. मुलांचं. तुमच्या तक्रारी करायची."

"माझ्या?"

"मग काय मोरिताबाईंच्या?"

हरीशराव काठीच्या आधारानं हळूहळू खाली तातामीवर बसले. असं खाली बसायचं डॉक्टरांनी त्यांना मना केलं होतं. "आता कोणाला सांगशील?"

लताबाईंनी घडी अर्धी सोडली. "तेच बघतेय."

"मला सांग."

"तुम्हाला तुमच्या तक्रारी?"

"एक तरी सांग. पहिली."

त्यांनी थोडा विचार केला. पण फार नाही. "लग्न करून तुम्ही पुढं निघून आलात. माझा व्हिसा झाल्यावर मी एकटी आले. पहिल्यांदाच विमानात बसले होते. बाकीच्या पेट्या तुम्ही नेल्यात, एक माझ्या गळ्यात मारली होती, सामानात द्यायची नाही म्हणून. सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसले, पायाला मुंग्या येईपर्यंत. विमानतळावर तुम्ही धावत आलात. मला वाटलं, माझ्याकडे येताय. तुम्ही आधी पेटी घेतलीत. तिथंच खाली बसलात, उघडलीत, काचा धड आहेत का ते बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत."

हरीशरावांना ते आठवत होतं. पेटी आठवत होती, काचा आठवत होत्या. लता कोणत्या रंगाच्या साडीत होती ते काही केल्या आठवेना.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? प्रवास कसा झाला ते तुम्ही अजून विचारलेलं नाही."

खालच्या वळणावर चारुता खोकी घेऊन चढ चढत होती. ती घरात येईपर्यंत थोडा वेळ होता.

"कसा झाला प्रवास?" हरीशरावांनी विचारलं.

लताबाईंनी गोधडी बाजूला ठेवली, भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि सांगायला सुरुवात केली.